दुसरा निकाह आणि पहिले घर

आपल्या समाजात विधवेच्या किंवा तलाक झालेल्या स्त्रीच्या दुसऱ्या निकाहाची बोलणी सुरू झाली की काही प्रश्न ठरलेले असतात. वय काय, मुले किती, मुले कुणाकडे राहणार, मेहेर किती बांधायचा. एक प्रश्न मात्र बैठकीत कुणी उघडपणे विचारत नाही. तिने पै-पै जोडून घेतलेले किंवा घ्यायला काढलेले घर कुणाच्या नावावर आहे, आणि निकाहानंतर ते कुणाचे राहणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे होणाऱ्या नवऱ्यावर अविश्वास दाखवणे, असे आपण धरून चालतो. लग्नाच्या बोलण्यांत कागद काढणे अशुभ, असाही एक समज आहे. मग घर तोंडी भरवशावर राहते. पुढे मृत्यू किंवा तलाक आला की भाऊ, दीर, सावत्र मुले आणि वकील अशी सगळी मंडळी त्या घराच्या उंबरठ्यावर उभी राहतात.

खरे तर हा प्रश्न नवा नाही आणि परकाही नाही. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीची मालमत्ता कुणाची, याचे उत्तर वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळे दिले. त्यात मुसलमान स्त्रीला मिळालेले उत्तर कायद्याच्या पुस्तकात बरेच उदार आहे, आणि व्यवहारात तितकेच दुबळे ठरले आहे. या दोन टोकांमधला इतिहास आपल्या वाचकांनी, विशेषतः आपल्या बहिणींनी, समजून घ्यावा म्हणून हा लेख.

मालकी तिचीच

इस्लामच्या इतिहासातला पहिला महत्त्वाचा विवाह हाच मुळी एका विधवेचा पुनर्विवाह आहे. हजरत खदीजा (र.) यांचे आधी दोन विवाह झालेले होते, त्यांना मुले होती आणि त्या मक्केतल्या नावाजलेल्या व्यापारी होत्या. त्यांचा माल घेऊन हजरत मुहंमद (स.) शामला गेले, आणि पुढे निकाहाचा पैगाम खदीजांकडूनच गेला. व्यापार त्यांचा, भांडवल त्यांचे. ते त्यांनी पुढे इस्लामच्या कामी खर्च केले ते स्वतःच्या मर्जीने. उम्मे सलमा (र.) यांची गोष्टही इथे आठवण्यासारखी आहे. पती वारल्यावर पैगंबरांचा पैगाम आला तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. आपले वय झाले आहे, स्वभाव मत्सरी आहे आणि पदरात मुले आहेत, अशा अडचणी त्यांनी मोकळेपणाने पुढे ठेवल्या. त्यांचे समाधान झाल्यावरच निकाह झाला. दुसऱ्या निकाहाआधी मुलांच्या भवितव्याची चौकशी करणे हा उद्धटपणा नाही, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

कुरआनच्या सूरह निसामध्ये मेहेर स्त्रीलाच द्यावा असा आदेश आहे. आईबापांच्या आणि नातेवाइकांच्या मागे उरलेल्या मालमत्तेत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा आहे, असे सातव्या आयतीत सांगितले आहे. बायकोला ढीगभर संपत्ती दिली असली तरी ती परत घेऊ नये, असे विसाव्या आयतीत आहे. पुरुषाची कमाई पुरुषाची आणि स्त्रीची कमाई स्त्रीची, हे तत्त्व बत्तिसाव्या आयतीत आहे. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. त्यानंतर तिने स्वतःविषयी रीतसर निर्णय घेतला तर कुणावर दोष नाही, हे सूरह बकराने सांगितले. त्याच सूरहमधली कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाव्याने ती बोलते. कागद काढणे म्हणजे अविश्वास, असे म्हणणाऱ्यांनी ही आयत पुन्हा वाचावी.

या सगळ्यातून फिकहच्या अभ्यासकांनी जो नियम काढला तो साधा आहे. निकाहामुळे नवराबायकोची मालमत्ता एक होत नाही. जे तिचे ते निकाहापूर्वी तिचे, निकाहात तिचे आणि निकाहानंतरही तिचेच. ती विकू शकते, भाड्याने देऊ शकते, दान देऊ शकते. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

हे केवळ ग्रंथात राहिले असे नाही. सतराव्या शतकातल्या तुर्कस्तानातील काईसेरी गावच्या काझी न्यायालयाच्या नोंदवह्या रोनाल्ड जेनिंग्ज या इतिहासकाराने तपासल्या आणि १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात स्त्रिया घरे विकत घेताना, विकताना, आणि हक्कासाठी भाऊ व नवऱ्याविरुद्ध काझीपुढे उभ्या राहिलेल्या दिसतात. आपल्या जवळच्या सुरत बंदरातले सतराव्या शतकाच्या मध्यावरचे काही फारसी निकाहनामेही उपलब्ध आहेत आणि इतिहासकार शिरीन मूसवी यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यांत नवऱ्याने दुसरी बायको करू नये, मारहाण करू नये, खर्चाची सोय न करता दीर्घकाळ परगावी राहू नये, दासी ठेवू नये, अशा अटी लिहिलेल्या आहेत. हे कागद व्यापारी गावातल्या सामान्य मुसलमानांचे आहेत. त्यांना निकाहापूर्वी अटी लिहिण्यात काही वावगे वाटत नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सुरतकराला जे जमले ते आज आपल्याला संकोचाचे का वाटावे?

लंडनची काउंटेस

तुलनेसाठी त्या काळच्या इंग्लंडकडे पाहू. ज्या इंग्रजांनी पुढे आपल्यावर राज्य केले त्यांच्या कायद्यात लग्न लागताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होत असे. तिचा पैसा, दागिने, कमाई नवऱ्याची होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही लग्न असेपर्यंत तोच खाई. श्रीमंत विधवा म्हणजे शिकार. तिच्याशी लग्न करणारा एका दिवसात तिच्या संपत्तीचा धनी होत असे.

मेरी एलिनॉर बोव्स ही अशीच एक विधवा. कोळशाच्या खाणींच्या अफाट संपत्तीची वारस, स्ट्रॅथमोरच्या अर्लची पत्नी. मार्च १७७६मध्ये पती वारला तेव्हा तिला पाच मुले होती. जॉर्ज ग्रे नावाच्या गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह ठरत होता. जानेवारी १७७७मध्ये तिने गुपचूप एक दस्त करून आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती दिली. उत्पन्न फक्त आपल्याला मिळावे, होणाऱ्या नवऱ्याचा त्यावर हक्क नसावा, अशी ती तजवीज होती. नंतर काय झाले? अँड्र्यू स्टोनी नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने तिच्या अब्रूसाठी द्वंद्वयुद्ध लढून आपण मरणोन्मुख झाल्याचे सोंग केले, आणि दयेपोटी तिने दस्तानंतर आठवडाभरातच त्याच्याशी लग्न केले. मरणोन्मुख नवरा लगेच बरा झाला. तो दस्त हाती लागताच त्याने छळ सुरू केला आणि मे १७७७मध्ये जबरदस्तीने तिच्याकडून तो रद्द केल्याचा दुसरा कागद लिहून घेतला. आठ वर्षे मारहाण सोसून १७८५ साली ती पळाली. १७८६ साली त्याने तिला पळवून नेले, तिथून तिची सुटका झाली. अखेर १७८८-८९मध्ये न्यायालयांनी रद्द करण्याचा कागद धाकाने घेतलेला म्हणून मोडीत काढला आणि लग्नापूर्वीचा मूळ दस्त कायम केला. लग्नापूर्वीचा तो दस्त म्हणजे आपल्या हक्कांची फसवणूक, असा नवऱ्याचा दावा होता. तो टिकला नाही.

आठवडाभर आधी केलेल्या एका कागदाने त्या बाईची संपत्ती वाचवली. पण त्यासाठी तिच्यापाशी वकील, विश्वस्त आणि पैसा होता. सामान्य इंग्रज स्त्रीला १८७० आणि विशेषतः १८८२च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. मुसलमान स्त्रीला शरियतने ही मालकी बाराशे वर्षे आधी दिलेली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेही. पण त्यापुढचा प्रश्न असा, की ती मालकी आपण तिच्या हातात प्रत्यक्ष पडू दिली का?

रिवाज आणि न्यायालय

मुंबई इलाख्यात १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांत रिवाजाला मोठे स्थान दिले. रिवाज असेल तर रिवाज, नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. या रिवाजानेच आपल्या मुलींचा घात केला. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलींना वारसा न देण्याचा जमातीचा रिवाज मान्य केला आणि मुलींचे दावे फेटाळले. पंजाबातल्या शेतकरी मुसलमानांत तर विधवेला नवऱ्याची जमीन फक्त हयातीपुरती किंवा पुनर्विवाह करेपर्यंत मिळे. म्हणजे शरियतने दिलेला आठवा हिस्सा कायमचा, आणि रिवाजाने दिलेली जमीन निकाह करताच गेली.

पुनर्विवाह केला की मालमत्ता गेली, हा दंडक त्या काळी केवळ रिवाजाचा नव्हता. १८५६चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा हे मोठे सुधारणेचे पाऊल होते. पण त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या पतीच्या मालमत्तेतून अशा तऱ्हेने बाजूला केले, जणू ती मेलीच. संसार हवा तर घर सोड, असा तो सौदा होता. हिंदू भगिनींसाठी हे चित्र १९५६च्या वारसा कायद्यापासून बदलत गेले. मुसलमान विधवेवर शरियतने अशी अट कधीच घातली नव्हती. पहिल्या पतीकडून वारशाने आलेला तिचा हिस्सा दुसऱ्या निकाहाने जात नाही. तरीही विधवेने पुन्हा घर मांडणे हे आपल्या घराण्यांतही कमीपणाचे मानले जाऊ लागले. हा शेजारधर्माचा परिणाम नव्हे, आपल्याच खानदानी अहंकाराचा परिणाम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रायबरेलीच्या सय्यद अहमद यांना आपल्या थोरल्या भावाच्या विधवेशी स्वतः निकाह करून हा समज मोडावा लागला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हालींनी 'मुनाजाते बेवा' ही कविता लिहिली ती याच वेदनेवर.

अशा वातावरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर १८६४ साली अमीना बीबी विरुद्ध खतीजा बीबी हा दावा आला. उच्च न्यायालय स्थापन होऊन दोनच वर्षे झाली होती. सर मॅथ्यू सॉस मुख्य न्यायाधीश होते. प्रश्न असा होता की नवऱ्याने राहते घर बायकोला हिबा केले आणि दोघे त्याच घरात राहत राहिले, तर ताबा दिला असे म्हणायचे का? हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देतो म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. नवरा घराबाहेर पडला नाही तर ताबा कसा गेला, असा आक्षेप होता. न्यायालयाने सांगितले की नवराबायकोचे नातेच असे आहे की तो तिच्यासोबत तिच्या घरात राहणार आणि तिच्या मालमत्तेची व्यवस्थाही पाहणार. तेवढ्याने हिबा खोटा ठरत नाही. घर बायकोचे, नवरा तिच्या घरात राहतो. ही कल्पनाच पुष्कळांना पचायला जड आहे. पण गेली दीडशेहून अधिक वर्षे भारतातली न्यायालये याच निकालाचा आधार घेत आली आहेत.

मेहेर, ताबा आणि यतीमांचा वाटा

घर घेण्यासाठी विधवेजवळ पैसा येतो कुठून? बहुधा तीन वाटांनी: मेहेर, पहिल्या पतीच्या मागचा हिस्सा आणि स्वतःची कमाई. पहिल्या दोन वाटांवर दोन जुने निकाल वाटाड्यासारखे उभे आहेत.

मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. तो न देता वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडायचे असते. विधवेने मेहेरच्या वसुलीसाठी पतीची मालमत्ता रीतसर ताब्यात घेतली असेल तर मेहेर मिळेपर्यंत ती ताबा राखू शकते. पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. मैना बीबी यांच्या प्रकरणात हे स्पष्ट झाले. त्यांचे पती १८९०मध्ये वारले, मालमत्ता त्यांच्या ताब्यात होती. १९०२ साली वारसांनी दावा लावला. पंचवीस हजार रुपयांहून अधिक रक्कम सहा महिन्यांत भरा आणि ताबा घ्या, असा हुकूम झाला. वारसांनी पैसे भरले नाहीत. १९०७ साली मैना बीबींनी ती मालमत्ता दान करून टाकली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२४मध्ये निकाल लागला की ताबा राखण्याचा हक्क होता, पण दान देण्याचा नव्हता. जे पूर्णपणे आपले नाही ते देता येत नाही. याचा अर्थ आजच्या भाषेत असा: पतीच्या घरात राहतो म्हणजे ते आपले, असे समजून ते विकून दुसरे घर घेऊ नका. आधी मेहेरचा हिशेब कागदावर पुरा करून घ्या.

दुसरा निकाल मुलांविषयी आहे आणि तो अधिक कडक आहे. इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या प्रकरणात एका विधवेने स्वतःच्या हिश्शाबरोबर अज्ञान मुलांचेही हिस्से विकले होते. १९१८ साली न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लिहिला. आई मुलांना सांभाळू शकते, पण त्यांच्या स्थावर मालमत्तेची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. न्यायालयाने नेमल्याशिवाय तिने केलेली विक्री मुलांना बांधत नाही.

एक साधा हिशेब करू. पती वारला, मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. आईवडील हयात नाहीत, कर्ज नाही. घराची किंमत चोवीस लाख. हनफी वारसा नियमाप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे तीन लाख. उरलेल्या एकवीस लाखांत मुलाचे चौदा, मुलीचे सात. आता ही आई दुसऱ्या निकाहापूर्वी ते घर विकून नवे घर स्वतःच्या नावावर घेते. तिने फसवणूक केली असे कुणी म्हणणार नाही, ती मुलांसाठीच घर घेते आहे. पण नव्या घरातले एकवीस लाख तिचे नाहीत, यतीमांचे आहेत. यतीमांच्या मालाविषयी सूरह निसाच्या पहिल्या दहा आयतींत काय ताकीद आहे हे आपल्याला पाठ आहे. मुले अज्ञान असतील तर १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी, आणि नव्या घराच्या खरेदीखतात मुलांची नावे त्यांच्या हिश्शासह यावीत. हे काम थोडे किचकट आहे, पण यातच आईचेही संरक्षण आहे. उद्या सज्ञान झालेला मुलगा तिच्यावर दावा करणार नाही.

१९३७ ते बाई ताहिरा

रिवाजाचे राज्य १९३७च्या शरियत कायद्याने पुष्कळसे संपवले. वारसा, स्त्रीची खास मालमत्ता, निकाह, मेहेर, हिबा या बाबतींत रिवाज बाजूला पडून शरियत लागू झाली. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. आपल्याकडे गावोगाव बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत टिकून राहिली ती अशा पळवाटांच्या आधाराने आणि भावाबहिणीच्या प्रेमाच्या नावाखाली. कोकणात आखातातून आलेल्या पैशाने मोठी घरे उभी राहिली. त्या घरांच्या कागदांवर घरातल्या स्त्रियांची नावे किती, हे प्रत्येकाने आपापल्या गावात मोजून पाहावे.

दोन वर्षांनी, १९३९ साली, मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. मुहंमद अहमद काझमी यांनी मांडलेल्या या कायद्याने स्त्रीला न्यायालयामार्फत निकाह मोडण्याची कारणे दिली. त्यात छळाच्या व्याख्येत एक कलम आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. नवऱ्याने तिची मालमत्ता विकून टाकली किंवा मालमत्तेवरचे कायदेशीर हक्क बजावण्यापासून तिला रोखले, तर तो छळ मानून ती फस्ख मागू शकते. बायकोच्या घरावर हात टाकणे आणि बायकोवर हात टाकणे हे या कायद्याने एकाच ओळीत बसवले.

पुढे १९६६च्या १८ एप्रिलला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हे प्रश्न तेव्हा ऐरणीवर आले. ते यायलाच हवे होते. पण घराचा प्रश्न त्यांच्या सावलीत राहिला.

तो न्यायालयात मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला. बाई ताहिरा यांचे प्रकरण आपल्या मुंबईचे. त्यांचा निकाह १९५६मधला, तलाक १९६२मधला. त्याच वर्षी न्यायालयात तडजोड होऊन राहता फ्लॅट त्यांच्याकडे आला. मेहेरचे पाच हजार आणि इद्दतचे एकशे ऐंशी रुपये त्या तडजोडीत वळते झाले. आता आपला काही दावा उरला नाही, असेही त्यांनी लिहून दिले. पुढे निर्वाहखर्चाचा प्रश्न आला तेव्हा याच कागदावर बोट ठेवण्यात आले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी इतक्या तुटपुंज्या रकमेने निर्वाहाची जबाबदारी संपत नाही असे ठरवले. शहाबानो प्रकरण त्यानंतर १९८५ साली आले. १९८६च्या कायद्याने निर्वाहाच्या बाबतीत पाऊल मागे घेतले अशी टीका झाली, आणि २००१च्या दानियल लतीफी निकालाने त्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. पण त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक गोष्ट स्वच्छ आहे. निकाहापूर्वी, निकाहात किंवा नंतर नातेवाईक, मित्र, नवरा किंवा सासरच्यांनी तिला दिलेली सर्व मालमत्ता तलाकनंतर तिला मिळाली पाहिजे. दिलेली होती हे दाखवायला मात्र पुन्हा कागद लागतो.

आजचे घर, आजचा कागद

या इतिहासातून आज निकाहाला उभ्या राहिलेल्या स्त्रीने काय घ्यावे? आणि पुरुषानेही, कारण मुले पदरी असलेला विधुरही याच वळणावर उभा असतो.

निकाहापूर्वी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर घेतलेले घर स्वतःचेच राहते. त्यासाठी वेगळा करार करावा लागत नाही. गुंता सुरू होतो तो पैसे आणि नावे मिसळल्यावर. होणारा नवरा काही रक्कम घालणार असेल, कर्जाचे हप्ते दोघे भरणार असतील, तर करारनाम्यातच कुणाचा किती वाटा हे लिहावे आणि प्रत्येकाचा पैसा त्याच्या त्याच्या बँक खात्यातून जावा. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, या व्यवहाराने इथली न्यायालये १८५४पासून व्यापलेली आहेत. बेनामीविरोधी कायदा १९८८ साली झाला आणि २०१६ साली कडक झाला. पती किंवा पत्नीच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या घराला त्यात सूट आहे, पण निकाह होण्यापूर्वी ते दोघे पतीपत्नी नसतात हे विसरू नये. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. तेवढ्या सवलतीपुरते तिचे नाव घालून मालकी आपली समजणारे पुरुषही आहेत.

दुसरी गोष्ट वारशाची. आधीच्या हिशेबातली आई स्वतःच्या कमाईने चाळीस लाखांचे घर घेते, दुसरा निकाह करते आणि काही वर्षांनी वारते. मागे दुसरा पती आणि पहिल्या पतीची दोन मुले. पतीचा चौथा हिस्सा म्हणजे दहा लाख, मुलाचे वीस, मुलीचे दहा. यात अन्याय काही नाही, तो त्याचा हक्क आहे. पण मुलांच्या डोक्यावरचे छप्पर विकावे लागेल का, हा विचार हयातीतच व्हायला हवा. मृत्युपत्राने हे साधत नाही. वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते, आणि वारसाला वसीयत करायची तर आपल्या सुन्नी कायद्यात बाकी वारसांची संमती लागते. हिबा मात्र हयातीत संपूर्ण मालमत्तेचा करता येतो. तो आजारपणाच्या शेवटच्या अंथरुणावर केला तर त्यालाही वसीयतीचे बंधन लागते. मुलांमध्ये भेद करू नये ही पैगंबरांची शिकवण आहे. आणि मुलाला दिलेला पूर्ण झालेला हिबा परत घेता येत नाही. म्हणून आईने भावनेच्या भरात स्वतःला बेघर करू नये. घराचा काही हिस्सा द्यावा, काही राखावा.

तिसरी गोष्ट मेहेरमध्ये घर देण्याची. ही चांगली रीत आहे आणि ती वाढावी. पण इथे एक बारीक फरक आहे. निव्वळ हिबा तोंडीही होऊ शकतो, आणि लेखी हिब्याला नोंदणीची सक्ती नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हफीझा बीबी प्रकरणात सांगितले. पण मेहेरच्या रकमेच्या बदल्यात घर देणे हा विक्रीसारखा व्यवहार आहे. त्याला नोंदणी लागतेच. निकाहनाम्यात नुसते लिहून आणि मजलिसमध्ये जाहीर करून घर तिचे होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे लागते, मग प्रॉपर्टी कार्डावर किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवावे लागते.

शेवटची गोष्ट सोसायटीतल्या नामनिर्देशनाची. नॉमिनी म्हणून नाव दिले की फ्लॅट त्याचा झाला, असा समज फार पसरला आहे. नॉमिनी हा मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत त्याने सांभाळायचे असते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या प्रकरणानेही हेच धोरण ठेवले आहे. पहिल्या पतीचे नाव नॉमिनी म्हणून राहून गेलेले फ्लॅट कमी नाहीत. निकाहापूर्वी तेवढा एक अर्ज बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे.

आपली निकाहची मजलिस ही मुळात कराराची मजलिस आहे. ईजाब, कबूल, वकील, साक्षीदार, मेहेर, हे सगळे शब्द कराराचेच आहेत. जगातल्या फार थोड्या धर्मांनी विवाहाला इतक्या स्पष्टपणे करार म्हटले. मग त्या कराराच्या दिवशी घराचा कागद मांडायला लाज कशाची? काझीसाहेबांच्या रजिस्टरमध्ये मेहेरच्या रकान्याखाली आणखी दोन ओळींची जागा असते. तिथे लिहावे: हे घर वधूचे आहे, निकाहापूर्वीचे आहे, त्यात तिच्या पहिल्या मुलांचा अमुक हिस्सा आहे. वराने त्याखाली सही करावी. जो सही करेल त्याच्यावर भरवसा ठेवायला तिला आणि तिच्या मुलांना सोपे जाईल.